खसखशीएवढ्या मण्यांची साक्ष

फोंड्याच्या पंचक्रोशीत ज्यांचे कुलदैवत आहे, त्या वाचकांना देवळांच्या पायऱ्यांविषयी वेगळे सांगावयास नको. कवळ्याची शांतादुर्गा, प्रियोळचा मंगेश, म्हार्दोळची म्हाळसा ही दैवते सोळाव्या शतकात आपली मूळ स्थाने सोडून या डोंगरकुशीत आली आणि येथेच स्थिरावली. त्यांच्या दर्शनास इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-हैदराबादपर्यंतची कुटुंबे येतात. प्रदक्षिणा घालणाऱ्या वृद्ध मंडळींकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पूर्वी ज्या वयात माणसे सभामंडपाच्या खांबाला टेकून ‘आता गुडघ्यांत त्राण नाही’ असे म्हणत, त्या वयाची माणसे आज हळूहळू का होईना, पायऱ्या चढताना दिसतात. त्यांपैकी कित्येकांच्या पायात धातूचा सांधा असतो.

आमची मावशी त्यांतलीच एक. एकाहत्तराव्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सहा महिन्यांत ती परसातल्या तुळशीपर्यंत काठीविना जाऊ लागली आणि वर्षाच्या आत देवीच्या पालखीला हजर राहिली. दोन वर्षे पुरी होत आली तेव्हा तपासणीसाठी येण्याविषयी इस्पितळातून निरोप आला. मावशीने तो साफ धुडकावला. “दुखत नाही, सुजत नाही, मग भाडे खर्चून फोटो कशाला काढायचा?” हा तिचा सवाल. शेवटी आम्ही तिला जवळजवळ हाताला धरूनच नेले. तेथे क्ष-किरण-चित्र न्याहाळणाऱ्या तरुण डॉक्टरांना तिने विचारले, “डॉक्टर, हे लोखंड माझ्या हाडात पक्के बसले आहे, हे तुम्हांला बाहेरून कसे हो कळते?”

डॉक्टर क्षणभर थांबले. मग म्हणाले, “आजी, खरे सांगू? मोठी हालचाल झाली असती तर ती मला या चित्रात दिसली असती. बारीक हालचाल मात्र दिसणार नाही. ती मोजणारे लोक वेगळे आहेत. त्यांनी हा नमुना आधी मोजला, म्हणून तो तुम्हांला बसवण्याचा धीर मला झाला.”

हे मोजणारे लोक कोण, ते काय मोजतात आणि त्यांच्या मोजण्याचा फोंड्यातल्या एका मावशीशी संबंध काय, याचा शोध घेण्याचा आम्ही प्रयत्न केला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आज असे घर विरळा, जेथे कोणाच्या ना कोणाच्या गुडघ्याची किंवा खुब्याची चिंता नाही.

पहिल्या पावसातली भिंत

शाळेच्या पुस्तकात आपण उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा असे दोन प्रकार शिकलो. खुबा हा पहिल्या प्रकारचा, गुडघा बराचसा दुसऱ्या प्रकारचा. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजली की हाड हाडावर घासू लागते आणि पाऊल टाकणे ही शिक्षा होऊन बसते. अशा वेळी झिजलेली टोके कापून त्यांच्या जागी कृत्रिम भाग बसवतात. गुडघ्यात मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोहोंच्या मधे चिवट प्लास्टिकची गादी, अशी सर्वसाधारण रचना असते. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घरोघरच्या बोलण्यात आली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा एक गुडघा आणि जून २००१ मध्ये दुसरा बदलण्यात आला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे न्यूयॉर्कचे नामांकित शल्यचिकित्सक. पण त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले ते इंदुरात, हे आमच्या माळव्यातील वाचकांना सांगावयास आनंद वाटतो.

धातू आणि हाड यांची मैत्री घडवून आणणे हे या शस्त्रक्रियेतील खरे कठीण काम. काही सांधे विशेष प्रकारच्या सिमेंटने बसवतात. हे सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही. हाडाच्या खडबडीत पृष्ठभागात शिरून ते पोकळी भरून काढते. काही सांध्यांचा पृष्ठभाग मुद्दाम सच्छिद्र ठेवलेला असतो व त्यात हाड स्वतःच वाढून धातूला धरून ठेवते. दोन्ही प्रकारांत एक धोका असतो, तो म्हणजे सांधा सैल होण्याचा. सैल झालेला सांधा हाड कुरतडतो, दुखू लागतो आणि अखेर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड. हाड कमी उरलेले, वय वाढलेले आणि मनाची उमेदही निम्मी झालेली.

हे सैल होणे कसे असते, ते कळण्यासाठी आपल्या चिऱ्यांच्या घराकडे पाहावे. नवी भिंत पहिल्या पावसाळ्यात थोडी बसते. त्याचे कोणाला काही वाटत नाही. एकदा बसून स्थिर झालेली भिंत पुढे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. पण दुसऱ्या पावसाळ्यातही ती खचत राहिली तर जाणता गवंडी सावध होतो. भेगेवर तो काचेची एक पट्टी आडवी बसवून ठेवतो. पट्टी फुटली, की भिंत अजून हलत आहे हे निश्चित झाले. घरातल्या माणसांना त्या वेळी काहीच जाणवत नसते. दारे-खिडक्या नीट लागत असतात. डोळ्यांना न दिसणारी हालचाल काच सांगते. कृत्रिम सांध्याचेही नेमके असेच आहे. प्रश्न एवढाच होता की, जिवंत माणसाच्या हाडात ही काचेची पट्टी बसवायची कशी?

तीनशे रुग्णांचा धडा

या प्रश्नाची निकड कशी निर्माण झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आधुनिक खुबारोपणाचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते इंग्लंडचे जॉन चार्न्ली रायटिंग्टन येथील रुग्णालयात काम करीत. १९५८ च्या सुमारास त्यांनी सांध्याच्या उखळीसाठी टेफ्लॉन हा घसरडा पदार्थ निवडला. रुग्णांच्या वेदना थांबल्या, माणसे चालू लागली आणि सर्वत्र समाधान पसरले. परंतु तीन-चार वर्षांतच त्या उखळ्या झिजल्या आणि झिजलेल्या कणांनी आसपासचा भाग बिघडला. सुमारे तीनशे रुग्णांना हे भोगावे लागले. चार्न्ली मोठ्या मनाचा माणूस. टेफ्लॉनचे कण शरीराला मानवतात की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या मांडीत त्याचे नमुने टोचून घेतले आणि त्याचा वाईट परिणाम जाहीरपणे प्रसिद्ध केला. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीन हे अधिक टिकाऊ प्लास्टिक वापरण्यास सुरुवात केली आणि तो सांधा जगभर मान्य झाला.

या प्रसंगातून एक कटू सत्य पुढे आले. रुग्णाला बरे वाटणे आणि सांधा चांगला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रुग्णाच्या समाधानावर विसंबून राहिले, तर दोष उमगेपर्यंत वर्षे उलटतात आणि तोवर तोच सांधा शेकडो-हजारो लोकांना बसवला गेलेला असतो. नेहमीचे क्ष-किरण-चित्रही पुरेसे नाही. कारण दोन भेटींत पाय जरासा वेगळा ठेवला गेला तरी चित्र बदलते आणि काही मिलिमीटरपर्यंतची हालचाल त्या फरकात लपून जाते.

एक डोळा मिटून पाहा

येथे आपण स्वीडनमधील लुंड या विद्यापीठाच्या गावी जाऊ. तेथील शरीररचनाशास्त्रज्ञ योरान सेल्विक यांनी १९७४ साली आपला प्रबंध सादर केला. त्यात सांगितलेली पद्धत ऐकावयास फार सोपी आहे. वाचकांनी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहावा. दहांतून आठ वेळा दोरा सुईच्या अलीकडे किंवा पलीकडे जाईल. दोन्ही डोळे उघडताच तो सहज ओवला जाईल. कारण दोन डोळे एकाच वस्तूकडे दोन कोनांतून पाहतात आणि त्या दोन प्रतिमांतील फरकावरून मेंदू अंतर काढतो. सेल्विक यांनी क्ष-किरणांच्या यंत्राला असाच दुसरा डोळा दिला. दोन नळ्यांतून दोन कोनांनी एकाच वेळी चित्र घ्यावयाचे आणि त्यांवरून प्रत्येक बिंदूचे त्रिमितीतील स्थान गणिताने काढावयाचे.

पण मोजावयाचे काय? हाडाला ठळक खुणा नसतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच सांध्याभोवतालच्या हाडात टॅन्टलम धातूचे काही मणी पेरून ठेवतात. एकेक मणी अर्ध्या ते एक मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा. टॅन्टलमचा शोधही एका स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानेच, आन्डर्स एकेबर्ग यांनी, १८०२ साली लावला होता. हा धातू जड असल्यामुळे चित्रात लख्ख उठून दिसतो आणि शरीराला तो सोसतो. मणी जन्मभर हाडात राहिले तरी बाधत नाहीत. चित्र घेताना रुग्णाच्या पायाजवळ एक चौकट ठेवतात. तिच्यात ठरलेल्या जागी बसवलेले मणी असतात व त्यांच्या आधारे सारे मोजमाप जुळवले जाते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत पहिली जोडचित्रे घ्यावयाची आणि मग सहा महिने, वर्ष, दोन वर्षे या अंतराने पुन्हा घ्यावयाची. हाडातले मणी आणि सांधा यांच्यातील अंतर बदलले, तर सांधा सरकला. एक-दोन दशांश मिलिमीटर इतके सूक्ष्म सरकणेही या रीतीने पकडता येते. काचेची पट्टी ती हीच.

पुढील वीस वर्षांत या मण्यांनी जी साक्ष दिली, ती शल्यचिकित्सकांना अंतर्मुख करणारी होती. लुंडचेच लाइफ रिड आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, गुडघ्याचे कृत्रिम सांधे दोन तऱ्हेने वागतात. काही पहिल्या वर्षात जरासे बसतात आणि मग स्थिर होतात. काही पहिल्या वर्षानंतरही सरकतच राहतात. आणि वर्षांनंतर जे सैल झाले ते मुख्यतः या दुसऱ्या गटातले. म्हणजे पुढे अनेक वर्षांनी दुखू लागणाऱ्या सांध्याचे भवितव्य पहिल्या दोन वर्षांतच लिहिले गेलेले असते. खुब्याबाबत योहान कॅरहोल्म व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सिमेंटने बसवलेल्या ८४ सांध्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षांत मांडीच्या हाडातील दांडा १.२ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक खाली उतरला असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, असा त्यांचा निष्कर्ष होता. लायडन येथील बार्ट पाइल्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून गुडघ्यासाठी मर्यादा सुचवल्या. पहिल्या वर्षी नडगीवरील भागांचे सरासरी सरकणे अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल, तर तो नमुना स्वीकारण्यास योग्य, १.६ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल, तर अयोग्य. मधला असेल, तर जपून.

या साक्षीचे मोल किती, हे एका उदाहरणावरून कळेल. १९९१ साली युरोपात ‘बोनलॉक’ नावाचे नवे सिमेंट बाजारात आले. घट्ट होताना ते कमी तापते, म्हणून हाडाला कमी इजा करील, असा त्यामागील विचार होता. कागदावर तो उत्तमच होता. स्वीडनमध्ये कॅरहोल्म यांच्या गटाने अवघ्या ३० खुब्यांवर मण्यांच्या पद्धतीने त्याची परीक्षा घेतली, तेव्हा या सिमेंटने बसवलेले सांधे अधिक सरकतात असे आढळले. नॉर्वेच्या सांधेनोंदीनेही तीच धोक्याची घंटा वाजवली. १९९५ मध्ये ते सिमेंट मागे घेण्यात आले. तोपर्यंत ते अनेक रुग्णांसाठी वापरले गेले होते. आधी तीस जणांवर मोजून मग बाजारात आणले असते, तर त्या अनेकांचा त्रास वाचला असता. प्रत्येक नवा सांधा प्रथम थोड्या रुग्णांत, मण्यांसह, दोन वर्षे तपासावा आणि मगच सर्वांसाठी खुला करावा, हा आग्रह या अनुभवातून बळावला.

मोजणाऱ्यांचा मेळावा

या विषयाचे अभ्यासक वेळोवेळी आंतरराष्ट्रीय परिषदेत एकत्र येतात. २०१७ साली ते ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे आणि २०१९ साली डेन्मार्कमधील ऑरहूस येथे जमले होते. वैज्ञानिक परिषद म्हटली की मोठमोठ्या शोधांच्या घोषणा होत असतील, अशी आपली समजूत असते. येथील वादविषय पाहिले तर मात्र आपल्या सोनारपेठेची आठवण व्हावी. सोनार सोने तोलण्यापूर्वी तराजू तपासतो, तसे हे लोक आधी आपलेच माप तपासतात.

त्यांचा एक दंडक आम्हांला फार आवडला. एकाच रुग्णाची, एकाच दिवशी, दोनदा जोडचित्रे घ्यावयाची. मधे रुग्णाला उठवून पुन्हा निजवावयाचे. त्या अर्ध्या तासात सांधा हललेला नाही हे सर्वांना ठाऊक असते. तरीही दोन मोजण्यांत जो फरक निघेल, तो आपल्या पद्धतीचा दोष. हा दोष आधी जाहीर करावयाचा आणि त्याहून मोठी हालचाल असेल तरच ‘सांधा सरकला’ असे म्हणावयाचे. हाडातला एखादा मणीच सैल झाला असेल तर त्याची साक्ष बाद ठरवावयाची. पहिले चित्र रुग्णाने पायावर भार देण्यापूर्वी घ्यावे की नंतर, यावरही बारकाईने विचार होतो. अशा चर्चांतून २००५ मध्ये एडवर्ड व्हॅलस्टार व इतरांनी मार्गदर्शक नियम मांडले, २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने मानक क्रमांक १६०८७ प्रसिद्ध केले आणि २०२४ मध्ये नियमांची नवी आवृत्ती निघाली. आता सीटी-स्कॅनच्या साहाय्यानेही, कित्येकदा मण्यांवाचून, अशी मोजणी करता येऊ लागली आहे व नव्या नियमांत तिचाही समावेश आहे.

या साऱ्या खटाटोपात ज्यांचे नाव कोठेच छापले जात नाही, ते म्हणजे रुग्ण. हाडात मणी घेऊन ती माणसे दोन-दोन, दहा-दहा वर्षे ठरल्या दिवशी चित्र काढून घेण्यास येतात. त्यांचे स्वतःचे दुखणे तर केव्हाच थांबलेले असते. ती येतात ती पुढच्यांसाठी.

कागदांची पिशवी

मण्यांची साक्ष खरी असली तरी ती एकाच प्रश्नापुरती असते, हेही सांगितले पाहिजे. सांधा हलला का, एवढेच ते सांगतात. धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ नावाचा खुब्याचा सांधा २००३ पासून विकला गेला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. घर्षणातून सुटणारे धातूचे कण हे त्यातील मोठे दुखणे होते. ते उघडकीस येण्यास मदत झाली ती राष्ट्रीय सांधेनोंदींची. कोणाला, कोठे, कोणता सांधा बसवला व तो किती टिकला याची ही देशव्यापी वही. स्वीडनमध्ये गुडघ्याची नोंद १९७५ पासून व खुब्याची १९७९ पासून सुरू झाली. मणी आणि वही ही दोन्ही मिळून पहारा पुरा होतो.

भारतात त्या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. हा आकडा वाचून आम्ही काही वेळ स्तब्ध झालो. यंत्रणेच्या त्रुटी असतीलच. पण आपल्या घरांतही असे कागद किती जण जपून ठेवतात?

महाराष्ट्राबाहेर विखुरलेल्या आपल्या कुटुंबांना हे विशेष लागू आहे. आई राहते ग्वाल्हेरला, शस्त्रक्रिया होते मुलाच्या गावी बंगळुरास, आणि दोन वर्षांनी तिला पाहणारे डॉक्टर असतात तिसऱ्याच ठिकाणी. म्हणून काही साध्या गोष्टी प्रत्येक घराने पाळाव्यात. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विचारावे की, हा नमुना किती वर्षे वापरात आहे आणि त्याच्या टिकण्याविषयी कोणती नोंद उपलब्ध आहे. सांध्याच्या वेष्टनावर त्याचे नाव व क्रमांक असलेल्या चिकटचिठ्ठ्या असतात. त्यांची प्रत मागून घ्यावी. पहिले क्ष-किरण-चित्र कधीही टाकू नये, कारण पुढची सारी चित्रे त्याच्याशीच ताडून पाहावयाची असतात. आणि दुखत नसले तरी ठरलेल्या दिवशी तपासणीस जावे.

आणखी एक विचार मनात येतो. ही मोजदाद बहुतांशी स्वीडन, डेन्मार्क, हॉलंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत झाली आहे. तेथील माणूस खुर्चीवर बसतो. आपण पाटावर मांडी घालतो, विळीवर एक पाय दुमडून बसतो, देवापुढे गुडघे टेकतो. आपल्या गुडघ्यांवर पडणारा ताण वेगळा. आपल्या रीतीने बसणाऱ्या-उठणाऱ्या माणसांच्या सांध्यांची अशी काटेकोर मोजणी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून आणि अभियांत्रिकी शाळांतून मोठ्या प्रमाणावर व्हावी, अशी इच्छा व्यक्त केल्यावाचून राहवत नाही.

हे सारे आम्ही मावशीला सांगितले. ती बराच वेळ ऐकत होती. सुईदोऱ्याची गोष्ट तिला चटकन पटली. तिचे अर्धे आयुष्य शिवणात गेले आहे. मग म्हणाली, “म्हणजे कुठल्या तरी परक्या देशातली माणसे माझ्यासाठी दर वर्षी फोटो काढून घेत होती म्हणायची!” आम्ही होकार दिला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातून तिने एक जुनी कापडी पिशवी काढली, तीत पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद आणि चित्रे तारीखवार लावली, आणि पिशवी देवघराशेजारच्या खुंटीवर अडकवून ठेवली. पुढच्या तपासणीची तारीख तिने कालनिर्णयावर स्वतःच्या हाताने लिहिली आहे.